लाल गोळ्या

१ जुलै २०२४, सोमवार

आजपासून विट्याच्या कॉलेजात कामाला लागले. ह्यांची जागा मला मिळाली. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले, तेवढे दिवस कागदच फिरत होते. जीवशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर. म्हणजे काचसामान धुणं, सूक्ष्मदर्शक पुसून मांडणं, मुलांपुढं लागेल ते ठेवणं. सत्तावीस वर्षं ह्यांनी हेच केलं. सगळ्या बाटल्यांवर ह्यांचंच अक्षर आहे. एका कपाटावर लिहिलंय, 'आधी दार ओढणे, मग किल्ली फिरवणे.' मी आधी दार ओढलं, मग किल्ली फिरवली.

विभागाच्या प्रमुख चंदनबाला चौगुले मॅडम, सांगलीकडच्या. म्हणाल्या, "मालनताई, लालासाहेब गेल्यापासून मला या खोलीत साधी चिमटी सापडत नाही. आता तुमच्यावर भिस्त."

"मॅडम, मी दहावी पास. मला यातलं काय कळतंय?"

"लायब्ररीतली पुस्तकं ते तुमच्यासाठीच न्यायचे ना? मग कळेल."

हो, माझ्यासाठीच आणायचे. कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासाची पुस्तकं. जीवशास्त्राचं मात्र एकही पुस्तक त्यांनी कधी घरी आणलं नाही.

कुणा मुलीनं अर्धवट टाकलेलं प्रॅक्टिकलचं जर्नल कपाटात होतं. एक पान रेघांचं, एक आकृतीसाठी कोरं. नवे शब्द विसरू नयेत म्हणून मागून घेतलं. त्यातच हे लिहिते आहे.

११ जुलै

पहिल्या वर्षाच्या मुलांचं कांद्याच्या पापुद्र्याचं प्रॅक्टिकल होतं. मुलं गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "बघा की तुम्ही पण."

एक डोळा मिटून बघितलं. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग विटांची भिंत दिसली, ओळीनं रचलेली. प्रत्येक विटेत एक ठिपका. मॅडम म्हणाल्या ही पेशी, तो ठिपका म्हणजे केंद्रक, त्या पेशीनं काय करायचं ते सगळं त्यात लिहिलेलं असतं.

तीस वर्षं कांदा चिरते आहे. आज पहिल्यांदा बघितला.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या, माझ्या वडलांची थोरली बहीण. नाव रंगुबाई, वय ब्याऐंशी. त्या म्हणाल्या, "कांदा बघायचा पगार देत्यात व्हय? लय बरं हाय की."

६ ऑगस्ट

आज रक्ताचं प्रॅक्टिकल होतं. मुलं एकमेकांच्या बोटाला सुई टोचत होती, हसत होती. एक मुलगा चक्कर येऊन खाली बसला. त्याला पाणी दिलं, पुसायला कापूस दिला.

सगळे गेल्यावर बघितलं. गोल गोल, फिकट, मधे जरा खोलगट, जशी तव्यावर टाकायच्या आधी हातात घेतलेली लहान भाकरी. मॅडम म्हणाल्या, या तांबड्या पेशी, यांच्यात लोह असतं म्हणून रक्त लाल.

लोह. तो शब्द आला म्हणून आज हे लिहिते. कुणाला सांगितलेलं नाही.

माझा थोरला वीरधवल, त्याच्या पाठीवर मला मुलगी झाली. ऑक्टोबर २०००. राणी. सहा महिन्यांची झाली तशी पांढरी पडायला लागली. मिरजेला नेलं, थॅलेसेमिया म्हणाले. अंगात रक्त टिकत नाही, दर महिन्याला बाहेरून द्यायचं. विटा, तासगाव, मिरज, एस.टी.नं. आठ वर्षं. आत डॉक्टरांशी हे बोलायचे, मी बाहेर तिला मांडीवर घेऊन बसायचे. मला हे एवढंच सांगायचे, "जन्मताच हाय. आपल्या हातात न्हाई."

पण मला माहीत होतं माझ्या हातात काय होतं. राणी पोटात असताना आरोग्य केंद्रातनं रक्तवाढीच्या लाल गोळ्या मिळायच्या. त्या खाल्ल्या की मळमळायचं, भाकरी खाली राहायची नाही. मी त्या खाल्ल्या नाहीत. रोज एक गोळी गोठ्यात शेणात दाबून टाकायची. नर्सबाईला खाल्ली म्हणून सांगायची. आणि मुलगी झाली ती बिनरक्ताची. आत्याबाई म्हणायच्या, "पोटात काय खाल्लंस न काय न्हाई, माझी नात वाळाया लागली." त्यांना गोळ्यांचं माहीत नव्हतं, पण बोलायच्या ते बरोबर लागायचं.

मग जमेल तशी भरपाई केली. राणी चार वर्षांची झाल्यावर अंगणवाडीच्या बाईकडनं तशाच लाल गोळ्या मागून आणल्या, मलाच अशक्तपणा आहे असं सांगून. अर्धी गोळी कुटून गुळात मळायची आणि सकाळी तिला द्यायची. चार वर्षं एक दिवस चुकला नाही. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही, कारण मग आधीचं सांगावं लागलं असतं. हे मिरजेहून महागाच्या कॅप्सुली आणायचे, त्या वेगळ्या. त्या मी रात्रीच्या जेवणानंतर द्यायचे, गोळी सकाळी.

तरी गेली. फेब्रुवारी २००९. पाय सुजले होते, धाप लागायची. आठ वर्षं चार महिने.

चौथ्या दिवशी ह्यांनी गुळाचा डबा उचलून ओढ्याला नेऊन रिकामा केला. आत गोळ्यांची दोन पाकिटं होती. काही विचारलं नाही. मला वाटलं, तिचं काही घरात नको म्हणून टाकलं असेल.

२१ सप्टेंबर

मॅडमनी एक जुनं मराठी पुस्तक दिलंय. रोज दोन पानं. पेशीविभाजन तीनदा वाचलं तेव्हा कळलं. एकीच्या दोन होताना आधी आतलं सगळं लिखाण उतरून काढतात आणि दोघींना एकेक प्रत देतात. वाटणीचा कागद करतात तसं. फक्त इथं कुणी भांडत नाही.

मॅडमना सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, "भांडण पुढच्या प्रकरणात आहे."

३ नोव्हेंबर, भाऊबीज

फलटणहून आकाराम आला, माझा धाकटा भाऊ. बायको आणि संयोगिता बरोबर. ओवाळलं. ताटात साडी ठेवली आणि म्हणाला, "आक्का, या वर्षी साडीबरोबर पोरगी बी घे."

संयोगिता उठून आत गेली. तेवीस वर्षांची आहे, फलटणला पतसंस्थेत नोकरी करते. वहिनी म्हणाली, "दोन वर्षं झाली, रोज तासतास फोन. आमाला वाटायचं पतसंस्थेचं काम."

मी पठाणकोटला पलटणीत फोन लावला. वीरधवल म्हणाला, "आई, मामांनीच विषय काढलाय ना? मग मी कशाला नाही म्हणू."

"सैन्यात हायस न? सरळ बोल की रं," आकारामनं ओरडून सांगितलं. सगळे हसलो. आत्याबाई तर किती वर्षांनी हसल्या. भावाची नात नातसून म्हणून येणार, त्यांना आणखी काय पाहिजे. मी पण अशीच आलेली, मामाची मुलगी म्हणून. आमच्यात पहिला हक्क तोच.

वीरधवलला सांगितलं, तब्येत नीट ठेव. भरतीच्या वेळी त्याचं रक्त काठावर भरलं होतं, दोन महिने बीट आणि खजूर खाऊ घालून पाठवला होता. धडधाकट आहे, पण रक्त कायम काठावरच.

आज घर भरल्यासारखं वाटलं.

१२ डिसेंबर

आज मण्यांचं प्रॅक्टिकल होतं. ते नीट लिहून काढते, म्हणजे माझं मलाच पुन्हा तपासता येईल.

दोन डबे. प्रत्येकात पन्नास लाल मणी, पन्नास पांढरे. एक डबा बापाचा, एक आईचा. डोळे मिटून दोन्हींतून एकेक मणी काढायचा आणि काय जोडी आली ते लिहायचं. शंभर वेळा. लाल-लाल पंचवीसच्या आसपास येतात, लाल-पांढरा पन्नास, पांढरा-पांढरा पंचवीस. लाल मणी म्हणजे चांगला गुण, पांढरा म्हणजे बिघडलेला. एक लाल असला तरी माणूस ठणठणीत, पांढरा आत लपून राहतो. दोन्ही पांढरे आले की आजार दिसतो.

एका मुलीनं विचारलं, उदाहरण काय? मॅडम फळ्याकडं वळून म्हणाल्या, "थॅलेसेमिया. आईबाप दोघंही निरोगी, पण दोघांकडं एकेक पांढरा. नात्यात लग्न झालं असलं तर तसा योग जास्त, कारण एकाच आजा-आजीकडून तो मणी दोन्हीकडं उतरलेला असतो."

मी मणी गोळा करत होते. गोळा करत राहिले.

नंतर मॅडम म्हणाल्या, "हे प्रॅक्टिकल असलं की लालासाहेब रजा घ्यायचे. आदल्या दिवशी डबे मोजून भरून ठेवायचे, पण त्या दिवशी यायचे नाहीत. मी कधी विचारलं नाही."

म्हणजे त्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि इथं दरवर्षी ऐकत होते. राणी गेली त्याच वर्षी त्यांनी कुणाला न सांगता तालुक्याच्या शिबिरात जाऊन नसबंदी करून घेतली. आमच्या गावात बाप्या माणसानं असलं कुणी केलं नव्हतं. पारावर लोक हसले. आत्याबाई दोन महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, मी नकोशी झाले म्हणून मूल नको झालं.

एकदा बोलला असता तर काय झालं असतं? आईपुढं म्हणायला पाहिजे होतं की दोष दोघांचा आहे. मला वीस वर्षं बोलणी खाऊ दिली. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी आज रागावले आहे.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळपासून एकच गोष्ट मनात आहे. गोळ्यांनी काही झालं नव्हतं. मी त्या सगळ्या खाल्ल्या असत्या तरी राणी तशीच झाली असती. ते आधीच ठरलेलं होतं.

चोवीस वर्षं. भांडी घासताना रडू आलं आणि थांबेना. आत्याबाई म्हणाल्या, "काय झालं ग?" म्हटलं, "काय न्हाई, बरं वाटाय लागलंय."

२२ डिसेंबर

परवा कळलं ते आनंदात पुढं नेऊन बघितलंच नाही. आज बघितलं.

वीरधवल ठणठणीत आहे, म्हणजे पांढरा-पांढरा नाही. उरलेल्या तिनांत दोन वाटे पांढरा लपलेला असण्याचे. माझा मणी वडलांकडून आला असेल, तर आकारामकडं असण्याची शक्यता निम्मी, संयोगिताकडं त्याच्या निम्मी. कागदावर करून मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "गणित बरोबर आहे. दोघांची रक्ततपासणी करा. सांगलीत होते, एवढीशी गोष्ट आहे."

एवढीशी.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

आकारामला फोन केला. तिळगूळ घ्या म्हणाला. मी तपासणीचं सांगितलं.

"कुणाचं रक्त तपासायचं? माझ्या पोरीचं?"

"दोघांचं. माझ्या पोराचं आधी."

"अगं, आपलंच रक्त हाय म्हणून तर देतुया. परक्यात दिली असती तर तपासलं असतं. तू आपल्याच घरात खोट काढतीस व्हय? कालेजात बाटल्या धुऊन डाक्टर झालीस?"

मी म्हटलं, "आकाराम, राणीला तू खांद्यावर घेऊन यष्टीत चढवली हायस. आठवतंय न?"

तो म्हणाला, "त्ये नशीब हुतं आक्का. त्याला कागद कशाला?" आणि फोन ठेवला.

आत्याबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्यात असली पोर कवा न्हवती. तुझ्या आईच्या माहेरनं आलं आसंल."

मी सांगायला नको होतं. पण सांगितलं. "न्हाई आत्याबाई. तुमच्या लेकाकडनं निम्मं आलंय. त्यांच्यात कुठनं आलं? तुमच्यात आन् माझ्या बापात एकाच घरनं आलंय."

"म्हंजी माझ्यातनं?"

मी कापूस त्यांच्यापुढं सरकवला. त्या वाती वळत बसल्या. मग म्हणाल्या, "लाला पंधरा वर्सं माझ्या डोळ्याकडं बघून बोलला न्हाई. मला वाटायचं तू शिकिवतीस."

संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. मी दोनदा विचारलं. मला वीस वर्षं टोचलं ते मी ब्याऐंशी वर्षांच्या बाईला एका वाक्यात टोचलं. बरं वाटलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

वीरधवल पंधरा दिवसांच्या रजेवर आलाय. आधी चिडला. "आई, आर्मीत पन्नास वेळा रक्त काढलंय माझं. काही निघालं नाही."

"ते हे बघत नसतील."

"आणि निघालं तर? लग्न मोडायचं? तू ठरवणार?"

मी म्हटलं, "मला ठरवायचं नाही. मला माहीत नव्हतं, तसं तुम्हाला माहीत नसू नये, एवढंच."

आज सांगलीला गेलो. बसस्टँडवर संयोगिता उभी होती. घरी न सांगता फलटणहून पहाटेची एस.टी. धरून आलेली. वीरधवलला म्हणाली, "तुला एकट्याला सुई टोचून घेताना भीती वाटेल म्हणून आले." त्याला हसू आलं. दोघांनी बाह्या वर केल्या. मी बाहेर बाकावर बसले. बाकावर बसायची मला सवय आहे.

१७ फेब्रुवारी

दोघांकडंही आहे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगत होत्या. तुम्ही दोघं निरोगी आहात, राहाल. लग्न करायला कायद्याची, विज्ञानाची आडकाठी नाही. पण दर वेळी दिवस राहिले की दहा-अकरा आठवड्यांत वारेचा छोटा तुकडा काढून तपासायचा. चारात तीन वेळा मूल चांगलंच असेल. चौथ्या वेळी ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

संयोगितानं विचारलं, ठेवलं तर?

त्यांनी सांगितलं. दर महिन्याला रक्त. आणि त्या रक्तातून लोह अंगात येत राहतं, बाहेर जायला वाट नसते. काळजात, यकृतात साठतं. कातडी काळवंडते, पाय सुजतात, शेवटी हृदय थकतं. ते लोह बाहेर काढायला रोज कॅप्सुली द्यायच्या. "अशक्त दिसतं म्हणून लोक मुलाला रक्तवाढीची गोळी देतात, ते मात्र कधीही करायचं नाही. आधीच भरलेल्या घागरीत आणखी ओतायचं तसं होतं."

त्या पुढंही बोलत होत्या. मला आठवत नाही.

१८ फेब्रुवारी

कामावर गेले. पेट्री डिश धुतल्या.

१९ फेब्रुवारी

सुट्टी. काही नाही.

३ मार्च

आज मॅडमना विचारलं. म्हटलं, आमच्या गावात एक बाई होती. तिच्या मुलीला थॅलेसेमिया होता. तिनं न कळून चार वर्षं मुलीला लोहाच्या गोळ्या दिल्या, रोज अर्धी. तर त्या गोळ्यांनी मुलगी गेली का?

मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. पेन थांबलं, पण त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाल्या, "एका पिशवी रक्तातून जेवढं लोह जातं, त्यापुढं अर्ध्या गोळीचं फार नसतं, मालनताई. तोंडावाटे गेलेलं सगळं अंगी लागतही नाही. त्या काळात तशा मुली तशाही जास्त जगत नव्हत्या. त्या बाईला सांगा."

"किती जगल्या असत्या? म्हणजे गोळ्या नसत्या तर?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही."

"सहा महिने? वर्ष?"

"मालनताई, नाही सांगता येत."

मग उठून त्यांनी स्वतः चहा केला, स्पिरिटच्या दिव्यावर, जे मुलांना करू देत नाहीत. आम्ही दोघींनी घेतला. त्या खरं बोलल्या की मन राखायला बोलल्या, ते कळलं नाही. पुस्तकात शोधलं. पुस्तकात अर्ध्या गोळीचं काही नाही.

ह्यांनी लोह काढायला कॅप्सुली आणायच्या आणि मी सकाळी तेच परत भरायचं. गुळाच्या डब्याचं आज लिहिणार नव्हते, तरी लिहिते. त्यांनी पाकिटं बघितली होती. कुठल्या गोळ्या आहेत ते त्यांना कळत होतं. नंतर चौदा वर्षं ते माझ्याशेजारी जेवायला बसले. माझ्यासाठी कादंबऱ्या आणल्या.

डिसेंबरात त्यांच्यावर रागावले म्हणून लिहिलं होतं. ते पान फाडणार होते. मागच्या बाजूला पेशीची आकृती आहे, म्हणून ठेवलं.

९ मार्च, रविवार

संयोगिता आली. एकटीच. आकारामला सगळं कळलंय. तीन आठवडे घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. तो म्हणतो, "मोडलं तर लोक म्हणतील पोरीत खोट हाय. केलं तर देवाच्या भरवशावर. मला काय इचारू नगा." वीरधवल रोज फोन करतो. तो म्हणतो, तू ठरव, मी तुझ्याबरोबर आहे.

जेवण झाल्यावर आम्ही दोघी मागच्या अंगणात शेंगा फोडत बसलो. आत्याबाई आत झोपल्या होत्या. तिनं सूपभर शेंगा फोडल्या. मग म्हणाली, "आत्या, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"तुला आधी कळलं असतं, राणीताईच्या वेळेला. अकराव्या आठवड्यात. तर तू ठेवलं असतंस?"

मी शेंगा फोडत होते.

ती म्हणाली, "मला पप्पांचं, मम्मीचं, डॉक्टरांचं काही कळत नाही. तुला आठ वर्षं माहीत आहेत. तू ठेवलं असतंस म्हणालीस तर माझ्याच्यानं पण दुसरं काही होणार नाही, मला माहीत आहे मी कशी आहे ती. मग मी वीरधवलला आजच नाही म्हणून सांगते. तू नसतं ठेवलं म्हणालीस तर मी लग्न करते, आणि तशी वेळ आली तर मला करता येईल. मला वाटेल, आत्यानंपण केलं असतं."

राणीला बोरं आवडायची. रक्त चढवून आलो की दोन दिवस तिच्या गालावर रंग असायचा, त्या दोन दिवसांत ती पोरांच्या पुढं पळायची. पहिलीत तिचा धावण्यात दुसरा नंबर आला होता, त्या आठवड्यात आम्ही मिरजेहून आलेलो म्हणून. सुई घेताना रडायची नाही. मी रडते का ते बघायची.

हे सगळं मी संयोगिताला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेच उत्तर झालं असतं.

मी तिला दुसरं सांगितलं. शेवटचं वर्ष. आडवं झोपता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसायची. शीर सापडत नव्हती म्हणून पायाला टोचायचे. एकदा म्हणाली होती, "आई, या महिन्याला नको जाऊया." ते खरं आहे. त्यातलं एक अक्षर मी वाढवलं नाही.

"मग?" संयोगितानं विचारलं.

मी म्हणाले, "नसतं ठेवलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मीही बघितलं, नजर खाली केली नाही. मग तिनं माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडली. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. हाताला शेंगांची माती होती, तिच्या पांढऱ्या ड्रेसला लागली.

जाताना म्हणाली, "आत्या, माझ्या मनावरचं ओझं गेलं."

मी म्हटलं, "सांभाळून जा. फलटणची गाडी पाचला हाय."

६ एप्रिल

लग्न ठरलं. मे महिन्यात, वीरधवलची रजा मंजूर झाली की तारीख धरायची. आकाराम सकाळी आला, यादी करायला. तीन महिन्यांनी माझ्याशी नीट बोलला. आल्या आल्या म्हणाला, "आक्का, च्यात साखर कमी घाल, का तिची बी तपासणी हाय?" मी हसले. आत्याबाईंनी त्याला जवळ बसवून घेतलं.

यादी करायला वीरधवलचे चुलते नानासो पण आले होते. ते विचारत होते, आकाराम लिहीत होता. मंडप, आचारी, भटजी, वाजंत्री. मानाचे आहेर. पानसुपारी.

नानासो म्हणाले, "करवली कोन?"

आकारामचं पेन थांबलं. नवऱ्यामुलाची सख्खी बहीण करवली होते. नवरदेवाच्या मागं तांब्या घेऊन उभी राहते, तिला साडी-चोळीचा मान असतो, ती रुसते, तिची समजूत काढावी लागते. राणी आता चोवीस वर्षांची असती.

आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. वहीत जागा मोकळी होती आणि आकाराम मान खाली घालून बसला होता.

मी म्हटलं, "नानासोंची शिवांजली हाय की. तिचं नाव लिही."

त्यानं लिहिलं. नानासोंना बरं वाटलं. म्हणाले, पोरगी उड्या मारंल, पण तिच्या मापाचं काय.

उद्या कॉलेज सुटल्यावर शिवांजलीला घेऊन विट्याला शिंप्याकडं जायचं आहे. तिला हिरवा रंग हवाय.